शनिवार पेठेतला शिकारी सुरा

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात झुरळाखेरीज कशाचीही शिकार केलेली नाही. तीसुद्धा चपलेने, आणि मी घसा फोडून ओरडल्यावर. असा हा माणूस निवृत्तीनंतर एका सकाळी पोहे खाता खाता म्हणाला, "मी एक शिकारी सुरा करणार आहे. स्वतःच्या हाताने. सर्व्हायव्हल नाइफ म्हणतात त्याला. जंगलात एकटा माणूस सापडला तर त्या एका सुऱ्यावर जगू शकतो."

मी म्हटलं, "शनिवार पेठेत कुठलं जंगल? आणि जगायचंय ते कोणाच्या तावडीतून, माझ्या?"

एरवी यावर हे फिस्सकन हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत, बशीतलं लिंबू पिळत बसले. पिळून संपलेलं लिंबू.

कारण मला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यातच आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. ह्यांचा उजवा हात बसल्या जागी थरथरायला लागला होता. वाचताना पेपर फडफडायचा आणि हे पंख्याला नावं ठेवायचे. डॉक्टर तरुण होता, दर वाक्याला "काका" म्हणणारा. गोळ्यांनी बरं वाटेल, पण हे हळूहळू वाढत जाणार, असं त्याने हसतमुखाने सांगितलं. हातात काम धरलं की थरथर थांबते, तेव्हा हात बिझी ठेवा काका, हेही सांगितलं. हे खडकीच्या कारखान्यात टूलरूमला होते. केसाएवढा फरक राहिला म्हणून दुसऱ्यांना झापण्यात ह्यांची हयात गेलेली. परत येताना रिक्षात म्हणाले, "जन्मभर केलं ते सगळं सरकारचं. हात ऐकतोय तोवर एक वस्तू माझी करीन." मी बाहेर बघत राहिले. डोळ्यांत धूळ गेली म्हणायला पुण्याची हवा फार सोयीची आहे.

तर सुरा करायचा ठरलं. आता शिकारीला या देशात बंदी आहे, सशाकडे वाकड्या नजरेने बघितलं तरी आत टाकतील, हे मी एकदा सांगून टाकलं. "सुरा शिकारी असतो, माणूस असायला लागत नाही," असं उत्तर मिळालं. मग मी तोंड बंद ठेवलं. म्हणजे माझ्या मानाने बंद.

पुण्यात एखादी गोष्ट करायची म्हणजे ती आधी चार जणांना सांगायची, हा ह्यांचा पहिला गाढवपणा. ह्यांची सकाळची टेकडीवरची मंडळी आहेत. सगळे निवृत्त. कोणी बँकेतून, कोणी कॉलेजातून, एक जण पाटबंधारे खात्यातून. यांतल्या एकानेही जन्मात कानस हातात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्येकाला सुऱ्याबद्दल ठाम मत होतं. बँकवाले म्हणाले, पाठीवर करवतीचे दाते हवेतच, लाकूड कापायला. प्राध्यापक म्हणाले, मूठ पोकळ ठेवा, आत काड्या, गळ आणि दोरा राहील, मासे धरता येतील. आम्ही अंडंसुद्धा खात नाही! पाटबंधारेवाले टूर कंपनीबरोबर एकदा हिमालयात जाऊन आलेले. खाटेवर आयता चहा मिळणारा हिमालय तो. त्यांनी मुठीच्या बुडाला होकायंत्र सुचवलं. का तर दिशा चुकायला नको. आमच्या त्या टेकडीवर ठरवून हरवायचं म्हटलं तरी जमत नाही, कुठूनही बघा, खाली आपलीच स्कूटर लावलेली दिसते.

आणि ह्यांनी सगळं ऐकलं. कारखान्यात साहेबाचं न ऐकणारा माणूस टेकडीवर एकेकाचं ऐकून घरी यायचा आणि आलेखाच्या कागदावर चितारायचा. मग पुठ्ठ्याचे सुरे कापायचा. चमच्यांच्या खणात पुठ्ठ्याचा सुरा, देवघराखाली पुठ्ठ्याचा सुरा, अंथरुणात पुठ्ठ्याचा सुरा. पाठीवर दाते, पोटाशी बाटली उघडायची खाच, पलीकडे डबा उघडायचं नख. मला एकच गुण आवडला, पण तो मी बोलून दाखवला नाही. पाठ चांगली जाड ठेवली होती. "पातं लाकडात रोवायचं आणि मागून दांडक्याने ठोकायचं, फांदी सरळ चिरते," हे म्हणाले.

"फांदी? आपल्या सोसायटीतली फांदी तोडायला महापालिकेची परवानगी लागते."

"तू ना, चेष्टाच कर."

"बरं, चेष्टा नाही करत. भोपळा कापेल का तेवढं सांगा."

यावर ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण माझा प्रश्न अगदी मनापासून होता. आमच्याकडे बाईने अख्खा भोपळा फोडायचा नाही, पहिली सुरी पुरुषाने लावायची, अशी रीत. सासूबाईंनी घालून दिलेली. मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी येऊन भोपळ्यासाठी नवऱ्याची वाट बघत बसायचे! कधी पटली नाही, पण मोडलीही नाही, कारण लाल भोपळ्याची साल म्हणजे काय चीज असते ते कापणाऱ्यालाच माहीत. कष्ट ह्यांचे, भाजी माझी. इतकी सोयीची रूढी कोण मोडतंय? "अहो, भोपळा!" अशी हाक मारली की हे कारखान्यातून येऊन दमलेले असले तरी बाह्या सरसावत यायचे, एका घावात दोन तुकडे करायचे आणि कोणी सुभेदार असल्यासारखे निघून जायचे.

ट्रकच्या कमानीचा एक जुना पाटा ह्यांनी जुन्या बाजारातून आणला आणि बाल्कनीत काम सुरू झालं. पाटा पकडीत आवळायचा आणि कानस चालवायची. खर्र, खर्र. माझी टीव्हीवरची मालिका त्या खर्र खर्र मधून ऐकायची मला सवय झाली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "वरून लोखंडाचा भुगा पडतो. वाळत घातलेले कपडे हे आमचे आहेत, याची नोंद घ्यावी." मी खाली लिहिलं, "नोंद घेतली." त्यापुढे दोघींनीही काही केलं नाही.

खरं सांगू? मला ती खर्र खर्र गोड लागायची. कानस हातात आली की तो हात गप्प व्हायचा. डॉक्टर खोटं बोलला नव्हता. चहाचा कप सांडणारा हात पात्यावरून असा सरळ जायचा की मी भाजी निवडायचं सोडून बघत बसायचे. बघताना पकडली गेले तर म्हणायचे, "भुगा चहात पडतोय."

सुरा आकाराला आला. आता तापवून त्याला पाणी द्यायचं, म्हणजे लालबुंद करून तेलात बुडवायचा, की पातं कडक होतं. ह्यांचे कारखान्यातले एक मित्र खडकीला राहतात. त्यांनी घरामागे छोटी भट्टी केलेली आहे. ईदेला आमच्याकडे शीरखुर्म्याचा डबा येतो तो त्यांच्याकडूनच. गृहस्थ बोलायला ह्यांच्या वरताण. दाते आणि खाचा बघून म्हणाले, "वहिनी, ह्यात कुकरची शिट्टी राहिली वाटतं." पण ते ह्यांना थांबवायला गेले नाहीत, कारण थांबवलं तर हे आणखी एक खाच पाडतील हे त्यांनाही ठाऊक होतं. सुरा तापला, तेलात गेला. टिंग असा बारीक आवाज आला. मी तिथेच खुर्चीवर बसले होते, मला वाटलं काहीतरी चांगलं झालं. दोघे मित्र एकमेकांकडे बघेनात तेव्हा समजलं. करवतीच्या दात्याच्या कोपऱ्यातून पात्याला आरपार तडा गेला होता.

घरी आल्यावर ह्यांनी उजवा हात मांडीखाली दाबला आणि नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तसेच. बाल्कनी शांत. खालच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.

आणि मग टेकडीची मंडळी आली, सांत्वनाला. मयताला यावं तशी. सोफ्यावर बसून तडा गेलेलं पातं एकमेकांकडे फिरवत बँकवाले म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, दाते जरा धोक्याचेच." प्राध्यापक म्हणाले, "मुळात इतक्या गोष्टी एकात कोंबायच्याच कशाला?" पाटबंधारेवाल्यांना हिमालय आठवला. हे मान खाली घालून ऐकत होते, हात मांडीखाली. माझं टाळकं सटकलं. चहाचा ट्रे मी जरा जोरातच ठेवला.

"आपण सर्वांनी तेव्हाच म्हटलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं," मी म्हटलं. "आता चहा घ्या आणि टेकडीवर जा. तिथे हवाही चांगली आहे आणि ऐकून घ्यायला झाडंही पुष्कळ आहेत."

मंडळींनी चहा संपवला. पुणेरी माणसं, अपमान झाला म्हणून चहा कोण टाकतंय? ती जिना उतरून गेल्यावर हे म्हणाले, "फार बोललीस."

"कमीच बोलले. पाटा उरलाय ना अजून?"

उरला होता. पुन्हा खर्र खर्र सुरू झाली. या वेळी कागद नाही, पुठ्ठा नाही. नुसतं एक सरळ पातं, जाड पाठ, मुठीत पार शेवटपर्यंत गेलेलं पोलाद. पण मधल्या काळात हाताने आपला डाव पुढे नेला होता. आता कानस धरली तरी मधूनच थरकाप यायचा. हे थांबायचे, हाताला शिवी हासडायचे, पुन्हा धरायचे. लेकीचा बाणेरहून फोन यायचा, "आई, बाबांना ते सगळं बंद करायला सांग ना प्लीज, सेफ नाहीये ते." मी म्हणायचे, "हो गं, सांगते." डोंबल सांगते!

या खेपेला भट्टीत आवाज झाला नाही. कडक झालेलं पातं जरा नरम पाडायला पुन्हा मंद आचेवर ठेवावं लागतं, त्यासाठी ह्यांनी माझा नानकटाईचा ओव्हन घेतला. पुढे दिवाळीपर्यंत माझ्या नानकटाईला गाडीच्या गॅरेजचा वास होता. मुठीला शिसवी लाकूड हवं म्हणून माझ्या रुखवतातला पाट उभा चिरला. मला न विचारता! त्यावरून आमचं असं कडाक्याचं भांडण झालं की दोघांनाही बरं वाटलं. पितळी खिळे बसले, मूठ घासून गुळगुळीत झाली. राहिली फक्त धार.

आणि धारेशी सगळं अडलं. दगडावर पातं एकाच कोनात धरून ओढायचं असतं, आणि तेवढंच त्या हाताला जमेना. एक ओढ नीट जायची, दुसरी वाकडी. खडकीचे मित्र म्हणाले, आण इकडे, मी लावतो. "माझा सुरा आहे," हे म्हणाले आणि सुरा फडक्यात गुंडाळून कपाटात टाकला. मी एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. मग मंडईत जाऊन एक अख्खा लाल भोपळा घेऊन आले. दोन माणसांना फोड पुरते, हा चांगला मांडीवर घेण्याजोगा होता. रिक्षावाल्याने उचलून जिन्यापर्यंत आणून दिला, इतका.

"अहो, भोपळा!" मी स्वयंपाकघरातून हाक मारली.

मग बाहेरूनच आवाज आला, "तूच काप आता. कोण बघायला येतंय."

इतक्या वर्षांत मला त्या रीतीचा एवढा राग आला नव्हता जेवढा ती मोडायच्या कल्पनेने आला. मी बाहेर गेले. "मी नाही कापणार. बाईने पहिली सुरी लावायची नाही. आणि विळीही देणार नाही, तुमचा तो सर्व्हायव्हल काढा. इथे मी भाजीवाचून मरतेय."

हे उठले. फडकं सोडलं, सुरा घेतला, भोपळ्यासमोर उभे राहिले. टोक सालीवर टेकवलं आणि हात थरथरायला लागला. टिकटिक टिकटिक, टोक सालीवर वाजत राहिलं, आत जाईना. ह्यांनी दुसरा हात वर धरला. टोक जेमतेम रुतलं आणि तिथेच अडलं. "बघितलंस?" हे म्हणाले. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मी खलबत्त्यातला बत्ता उचलला.

"नुसता धरून ठेवा," मी म्हटलं. "दोन्ही हातांनी. मागून ठोकायचं असतं ना? पाठ जाड कशाला ठेवलीत मग?"

"अगं, पण तू..."

"सुरी लावायची नाही असं सासूबाई म्हणाल्या होत्या. बत्त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या."

मी ठोकलं. पुन्हा ठोकलं. ह्यांनी सुरा असा आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती, पण धरला होता. भोपळा कर्रकन चिरला आणि दोन्ही भकलं ओट्यावर डुगडुगली. हे वाकून बघायला लागले. टूलरूमचीच नजर ती. "तिरकं गेलं," म्हणाले.

"भाजीत कळत नाही."

"पुढच्या वेळी बत्ता जरा मधोमध मार."

तेव्हापासून सुरा विळीशेजारी असतो आणि आमच्या घरी भोपळाच भोपळा आहे. भाजी, घारगे, भरीत, पुन्हा भाजी. खालच्या बाईंना वाडगं पाठवते, आता त्याही दार हळूच लावून घेतात. हाताचं म्हणाल तर तो आणखी बिघडलाय, आणि मी आणखी जोरात ठोकते. मंडईतली भाजीवाली मला बघितलं की फोड कापायला घेते. म्हणते, "आजी, दोनच तर माणसं तुम्ही, अख्खा कशाला नेता?"

"अख्खाच दे," मी म्हणते. "आमच्या घरी शिकारी आहे."