खबर आणणारे मामा

जगात सगळ्यात जास्त वेळा मेलेला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक माझ्या मामेसासऱ्यांकडे बोट दाखवीन. तलवारीने, विषाने, तापाने, एकदा तर नुसत्या अपमानाने, असे ते बंगलोरच्या रंगमंचावर तीस वर्षं मरत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चामराजपेटच्या बाजारात वांगी दाबून बघताना दिसले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला आलो, तेव्हा बायकोने बजावलं होतं, "मामांकडे जाशील तेव्हा आधी मामीला विचार, आज ते कोण आहेत." मला ती थट्टा वाटली. पहिल्या भेटीला गेलो तर दार मामांनीच उघडलं. माझ्याकडे, माझ्या बुटांकडे आणि हातातल्या मिठाईच्या पुड्याकडे त्यांनी कमालीच्या संशयाने पाहिलं, "कुठून आलात? कुणी पाठवलं?" असं दरडावून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार लोटून घेतलं. आतून मामींचा आवाज आला, "अय्यो, जावई आहेत हो ते! या, या, मनावर घेऊ नका. आज संध्याकाळी कोतवाल आहेत ना."

मामा एका रेपर्टरीत नट होते, म्हणजे पगारी नाटकमंडळीत. सकाळी दहाला हजेरी, दिवसभर तालीम आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी तीन वेगळी नाटकं. घराणं मूळचं आपल्याकडचं, पण तीन पिढ्या इथेच मुरलेली. मराठी घरात, कानडी बाहेर, आणि नाटकं अर्थातच कानडीत. आमच्या ऑफिसात माणूस एकदा सहायक झाला की दहा वर्षं सहायकच राहतो. मामा मात्र सोमवारी कोतवाल, बुधवारी आंधळा आणि शुक्रवारी पुरोहित असत, आणि संध्याकाळी जे व्हायचं ते सकाळी दात घासण्यापासूनच व्हायला लागत. मामींनी यावर उपाय काढला होता. इतर घरांत जिथे गॅसचा सिलिंडर कधी लावला ते लिहितात, तिथे, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, मामी तारखेखाली नवरा लिहून ठेवत. कोतवाल, आंधळा, पुरोहित, मरण. आंधळ्याच्या दिवशी वाटेतलं स्टूल उचलून ठेवायचं, पुरोहिताच्या दिवशी कांदा बंद. मरणाच्या दिवशी मामा ताटावर बसले की हात आडवा धरून म्हणत, "स्वल्प वाढ. दुसऱ्या अंकात मरायचंय. पोट भरलेलं असलं की पडताना आवाज होतो." आणि मग भाताचे दोन घास खाऊन उठत. प्रयोग संपल्यावर मात्र हा मेलेला माणूस घरी येऊन सहा चपात्या खाई, असं मामी सांगत.

कुतूहलाचा रोग मलाही आहे. यंत्र दिसलं की आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण मामांचा रोग माझ्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेला होता, आणि तो माणसांचा होता. एकदा सिटी मार्केटात त्यांना एक गृहस्थ डावा पाय जरा उशिरा उचलत चालताना दिसले. मामा त्यांच्या मागे. ते बसमध्ये चढले, मामाही चढले. ते के. आर. पुरमला उतरले, मामाही उतरले. तेव्हा त्या बिचाऱ्याने वळून घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, "स्वामी, मी तुमचं काय घेतलंय?" मामा म्हणाले, "तुम्ही काही नाही घेतलं. मलाच तुमचा डावा पाय पाहिजे." पुढचा अर्धा तास ते गृहस्थ स्टेशनसमोरच्या हॉटेलात कॉफी पीत मामांना त्या पायाची कहाणी सांगत होते. जिन्यावरून कसे पडले, कुणी उचललं, हाड बसवणाऱ्याने काय घोळ केला. त्यांचा तो पाय पुढे चार वर्षं मामांच्या पुरोहिताने वापरला. मी पाहिलाय तो, फार उत्तम पाय होता.

एवढं करून मोठी भूमिका मामांना कधीच मिळाली नाही. त्यांच्याकडे कात्रणांची एक फाईल होती. ती उघडली की ते बोट ठेवून दाखवत, "हा कोपर माझा." दुसऱ्या पानावर, "हे भाल्याचं टोक दिसतंय ना, त्याच्या खाली मी." नाटकातल्या राजांचे आणि राण्यांचे फोटो छापताना वर्तमानपत्रांनी मामांना कडेला कापून कापून एकूण दीड माणूस जेमतेम शिल्लक ठेवला होता. मी हळहळलो तर म्हणाले, "अहो, कोपर चांगला आलाय की." पाठांतर मात्र त्यांना सगळ्या नाटकांतल्या सगळ्यांचं होतं. रंगमंचावर दुसरं कुणी बोलत असलं की मामांचे ओठ त्याच्याबरोबर हलत. दिग्दर्शकाने कितीतरी वेळा टोकलं, शेवटी मामा मुक्या प्रसंगांत दातांत लवंग धरून उभे राहायला लागले. घरी मात्र मोकळं रान होतं. मामी इडलीचं वाटताना राणीची वाक्यं म्हणत आणि मामा उरलेल्या अकराजणांची.

त्यांच्या मंडळीचं सगळ्यात जुनं नाटक एका म्हाताऱ्या राजाचं होतं. त्यात मामा सत्तावीस वर्षं सेवक होते. तिसऱ्या अंकात लढाई चालू असते, राजा सिंहासनावर एकटा बसलेला असतो. तो टाळी वाजवून हाक मारतो, "यारल्ली?" म्हणजे, कोण आहे तिकडे? सेवक आत येतो, कमरेत वाकतो, म्हणतो, "अप्पणे, महाप्रभू," म्हणजे आज्ञा, महाराज. मग तसाच वाकलेल्या स्थितीत तो युवराज पडल्याची खबर देतो. एकूण चार वाक्यं. त्यानंतर राजाचं मोठं भाषण सुरू होतं आणि सेवक वाकूनच मागे मागे जात बाहेर पडतो. राजापुढे मान वर करायची नाही, हा त्या मंडळीतला जुना रिवाज.

मामांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं, तेव्हा राजा करणारे नट टीव्हीच्या मालिकेत गेले. तेव्हा जो तो मालिकेत जात होता. तीन प्रयोग ठरलेले, हॉल घेतलेला, आणि अख्खं भाषण येणारा माणूस एकच. दिग्दर्शकाने मामांना बोलावून सांगितलं, "पहिला प्रयोग रंगला तर निवृत्तीपर्यंत राजा तुमचा, दौऱ्यावरही तुमचाच. नाही रंगला तर हे तीन प्रयोग, आणि मग नाटक बंद." सेवकाचं काम मंडळीतल्याच एका पंचेचाळिशीच्या नटाकडे गेलं. तो आजवर युद्धातला चौथा सैनिक होता. त्याला पहिल्यांदाच बोलायला मिळत होतं, म्हणून तो मामांच्या घरी पेढे घेऊन आला.

मी मामांना विचारलं, "इतकी वर्षं राजा व्हावंसं वाटत होतं का हो?"

"राजा नव्हे हो," मामा म्हणाले. "सत्तावीस वर्षं मी जाऊन सांगतोय, तुमचा मुलगा गेला म्हणून. ऐकणाऱ्याला काय होतं ते मला एकदाही दिसलं नाही. वाकलेलो असतो ना! नुसत्या मोजड्या दिसतात. तीन राजे बदलले, तिघांच्या मोजड्या मला पाठ आहेत." मग लाजल्यासारखं म्हणाले, "ती खबर मला एकदा ऐकायचीय. कुणी आणून दिली तर कशी वाटते, बघायचंय."

आता राजा घरात कसा वागेल, या धास्तीने मामींनी कॅलेंडरवर ती तारीख लिहायचंच टाळलं. झालं उलटंच. मामा सकाळी उठून स्वतः पाणी भरायला लागले, स्वतःचा सदरा धुतला, मामींना म्हणाले, "तू बस. राजाला कुणी काही करू देत नाही, त्यामुळे त्याला फार हौस असते." मामी मला हळूच म्हणाल्या, "हा मनुष्य सत्तावीस वर्षं आधी राजा झाला असता तर किती बरं झालं असतं!"

पहिल्या प्रयोगाला मी आणि मामी पुढून चौथ्या रांगेत होतो. दोन अंक मामांनी असे काही केले की मामी हातरुमाल पिळत बसल्या होत्या तो पिळायचं विसरल्या. तिसरा अंक आला. मामा सिंहासनावर एकटे. त्यांनी टाळी वाजवली, हाक मारली, "यारल्ली?" आणि ती हाक कानावर पडताच सत्तावीस वर्षांची सवय उठून उभी राहिली. मामा सिंहासनावरून उतरले, दोन पावलं बाजूला आले, कमरेत वाकले आणि रिकाम्या सिंहासनाला म्हणाले, "अप्पणे, महाप्रभू."

मामींनी माझं मनगट असं धरलं की वळ उठले. विंगेतून आपला पेढेवाला सेवक अर्धा बाहेर आला होता, तो तसाच मागे सरकला. मामांना चूक कळली होती, ते त्यांच्या पाठीवरून मला दिसत होतं. पण रंगमंचावरून परत कुठे जाणार? त्यांनी वाकूनच युवराजाची खबर दिली, हळूहळू सरळ झाले, वर जाऊन बसले आणि राजाचं भाषण सुरू केलं. भाषण संपलं. आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. ज्याच्याजवळ खबर द्यायलाही माणूस उरलेला नाही असा राजा, केवढी ही कल्पना! दुसऱ्या दिवशी पेपरात दिग्दर्शकाच्या प्रतिभेचं कौतुक आलं. शेजारी मामांचा फोटो होता, पहिल्यांदाच अख्खा.

दिग्दर्शक खूश होऊन म्हणाले, "आता हे असंच करायचं. दौऱ्यावरही." मामा म्हणाले, "नाही सार. ती माझी चूक होती." दिग्दर्शकांनी समजावलं, चिडले, शेवटी म्हणाले, "लोक तेच बघायला येणार आहेत. ते नसेल तर हे नाटक दौऱ्यावर जाणार नाही, आणि तुमचा राजाही." मामांनी मान हलवली आणि म्हणाले, "सरी, नाही तर नाही. पण सेवकाची चार वाक्यं आहेत, ती त्यालाच म्हणू दे. आणि मला ऐकू दे."

दुसऱ्या प्रयोगाला लोक त्या प्रसंगाची वाट बघत बसले होते. मामांनी हाक मारली, दोन्ही हातांनी सिंहासन घट्ट धरून ठेवलं आणि वाट पाहिली. सेवक आला, वाकला, त्याने खबर दिली. लोकांची निराशा झाली ती झालीच, वर मामांनी आणखी एक घोटाळा केला. नट मंडळी असे प्रसंग प्रेक्षकांकडे तोंड करून करतात. त्यांच्या तिन्ही राजांनी आयुष्यभर सेवकाला कडेला ठेवून समोरच्या काळोखाला दुःख सांगितलं होतं. मामा मात्र पूर्ण वळून सेवकाकडे बघत राहिले. अर्ध्या हॉलला फक्त त्यांची पाठ दिसली. टाळी पडली नाही. दौरा गेला, राजा गेला, आणि मामी घरी परतताना रिक्षात म्हणाल्या, "एवढा राजा झाला आणि शेवटी आम्हाला पाठ दाखवली!" त्यांना फार वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं, उगाच लपवत नाही.

तिसऱ्या आणि शेवटच्या प्रयोगाला मामी आल्या नाहीत. मी एकटा गेलो आणि मुद्दाम अगदी डावीकडची, भिंतीला लागून असलेली खुर्ची घेतली. तिथून निम्मा रंगमंच दिसत नाही, पण वळलेल्या राजाचा चेहरा दिसणार होता. इतके दिवस मामांच्या तोंडून त्या खबरीबद्दल ऐकून तो बघायची मलाही तहान लागली होती. हॉल अर्धा रिकामा होता. टाळी वाजली, हाक आली. सेवक आला, कमरेत वाकला आणि त्याने आपली चार वाक्यं अगदी नीट, एकही शब्द न गाळता म्हटली. मामा त्याच्याकडे वळले.

मी समजत होतो की मुलगा गेलेल्या बापाचा चेहरा दिसेल. तो नव्हता तो. उन्हातान्हातून वाईट बातमी घेऊन दारात कुणी आलं की घरातलं मोठं माणूस त्याला आधी म्हणतं ना, "बस बाबा, पाणी पी, मग सांग," तसा तो चेहरा होता. स्वतःच्या मुलाचं नंतर बघू, आधी या माणसाला हे सांगताना किती जड गेलं असेल, असं त्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मामांचा हात सिंहासनाच्या हातावरून उठला, सेवकाच्या पाठीच्या दिशेने थोडासा गेला आणि परत आला. तसं नाटकात लिहिलेलं नव्हतं. मग मामांनी भाषण सुरू केलं.

त्यानंतर वर्षभराने मामा निवृत्त झाले, पुन्हा तेच कोतवाल, आंधळा आणि पुरोहित करत. आता ते नाहीत. पण तो चेहरा मी पाहिला, याचं मला अजून बरं वाटतं, आणि एका गोष्टीची रुखरुख आहे. तो ज्याच्यासाठी होता, तो मनुष्य तेव्हा खाली मान घालून मोजड्या बघत होता. त्याला जाऊन सांगायला हवं होतं, ते माझ्याकडून राहून गेलं.