दाराला पाजलेलं तेल

जवसाच्या तेलाच्या गोळ्या निघाल्यात आता. माझी सून रोज सकाळी एक माझ्या हातावर ठेवते आणि गुण ऐकवते. हृदयाला चांगलं, सांध्यांना चांगलं, बाळंतिणीला तर विचारूच नका! तिथं माझं डोकं फिरतं. मला नको सांगू, बाई.

आमच्या एकोडी गावाकडे धान उभा असतानाच बांधीतल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, ओलीवर जवस फेकायचे. धान कापला की मागून जवस निळा फुलायचा. घाणीवरून तेल यायचं ते आम्ही गरम भातावर कच्चंच घ्यायचो, वर चिमूटभर मीठ. वास उग्र, चव जराशी कडसर. मला तर त्या वासानंच भूक लागायची.

ताईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. माय तिला दोन्ही वेळा भातावर हे तेल घालायची, आणि ताई बघता बघता टुणटुणीत झाली. दुसऱ्या खेपेला तुमसरच्या सासरच्यांनी तिला धाडलंच नाही. निरोप आला, मुलगी झाली, पण ताईला उठवत नाही, अंगावर दूध नाही. माय घाणीवर स्वतः उभी राहिली, ताजं तेल काढून डबा भरला आणि तिकडं जाणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती दिला.

"आता उठते पाहाय माही पोरगी," मला म्हणाली.

होळी आटोपल्यावर आम्ही दोघी तुमसरला गेलो. अंगणातच तो ओळखीचा वास आला. माय हरखली. "जेवून राहिली वाटते ताई," म्हणाली.

जेवतेय कसली! सागवानी दार नव्यासारखं चकाकत होतं. खाली आमचा डबा आडवा पडलेला, त्यावर तेलकट चिंधी.

"या, इहीणबाई," ताईची सासू म्हणाली. "तेल मस्त होतं तुमचं. खायले कोण घेते, पेंटचा वास येते त्याले. दाराले लावलं. वाया नाही जाऊ देल्लं."

ताई आत खाटेवर होती. गालांची हाडं वर आलेली. हळूच म्हणाली, "माय, मी मांगतलं होतं वं. भातावर थोडंसं."

मी दातओठ खात उभी. मायनं ताईचं पांघरूण सारखं केलं; पोरीला त्याच घरात नांदायचं होतं. तिला माहेरी नेऊ द्या म्हणून तिनं हात जोडले, तर सासरचे त्यालाही नाही म्हणाले. निघताना मात्र ती दाराशी थांबली, त्यावरून तळवा फिरवला.

"इहीणबाई, बाळंतीण काहून अशी वाळली तुमची? दार तं चांगलं धष्टपुष्ट केलं."

त्या दिवसानंतर आम्हाला त्या घरात कुणी या म्हटलं नाही. ताई पोळ्यापर्यंत टिकली नाही. तेलानं ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण तिनं भातावर मागितलं होतं, आणि ते तिच्या घरात होतं.

दाराला अजून वाळवी लागलेली नाही म्हणे.