बानूबाईनं ढोलाचं टिपरू काढून घेतलं त्याची गोष्ट

बानूबाईला गप्प बसवता बसवता सासू थकली, दीर थकले. त्या दिवशी गावचे पुढारी मारुतराव आप्पांनीही ती हौस भागवून घेतली.

ती शिरूर तालुक्यातली, भीमेकाठची. पूर्वी मेंढरांमागं फिरायची, आता घरची थोडी बागायत बघते. त्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढं ग्रामसभा बसली होती. विषय नव्या कायद्याचा. व्यसन सोडवणारी शिकलेली माणसं फार कमी, म्हणून गावोगावची माणसं शिकवून त्या कामाला लावायची, असं कायद्यात होतं. गावानं एक नाव द्यायचं. बानूबाईचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

आप्पा हसले. "बानू, मेंढरांची दारू सोडवणार व्हय तू?"

"मेंढरं पीत न्हाईत आप्पा. त्यास्नी तेवढी अक्कल हाय."

सभा खो खो हसली, आणि आप्पांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "आपल्या गावाला कायदा कशाला? बिरोबा हाय की! भंडारा उचलला की माणूस सुटतो."

आता ही गावची रीत सांगायलाच हवी. दारुड्यानं मुठीत भंडारा, म्हणजे देवाची हळद घ्यायची, देवापुढं शपथ घ्यायची आणि त्या घडीपासून थेंब शिवायचा नाही. एक-दोन दिवसांत तो थरथरायला लागतो, घामानं निथळतो, कुणी दिसत नसताना कुणाशी तरी बोलतो. गाव म्हणतं, देव आला अंगात! मग ढोल, हार, नारळ.

बानूबाईच्या नवऱ्याच्या, रखमाजीच्या वेळीही असंच झालं होतं. तिनं स्वतः नारळ फोडला, त्याच्या पाया पडली. पहाटे रखमाजीला झटके आले आणि तोंडाला फेस. दौंडला नेलं तेव्हा दवाखान्यात व्यसन सोडवणाऱ्या प्रतिभाताई म्हणाल्या, "देव आला नव्हता हो, अंगातली दारू निघत होती. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की जीवावर बेततं. आधी इथं आणायचं, औषधावर हळूहळू उतरवायचं." रखमाजी वाचला. तेव्हापासून बानूबाई गाठ पडेल त्या दारुड्याला दौंडला न्यायची. पण तिथं प्रतिभाताई एकट्या आणि रांग फाटकाबाहेर. म्हणून तिला हे काम शिकायचंच होतं.

सभा चालू असतानाच देवळाच्या पायरीवर बसलेला आप्पांचा पृथ्वीराज थरथरायला लागला. पोरगा कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्ट करायचा, आणि शिफ्ट सुटली की प्यायचा. परवाच आप्पांनी त्याला भंडारा उचलायला लावला होता. आता तो कपडे झटकत ओरडत होता, "मुंग्या! मुंग्या!"

"देव आला!" कुणीतरी ओरडलं. रखमाजी गावचा ढोलकरी. सवयीनं त्यानं ढोल गळ्यात घातला आणि घुमवला.

बानूबाई सरळ गर्दीतून गेली आणि नवऱ्याच्या हातातलं टिपरू ओढून घेतलं. "आवं, तुमच्यापुढं बी असाच वाजत व्हता. इसरलात?"

रखमाजीनं ढोल गळ्यातून उतरवला. आप्पा कडाडले, "देवाचा कोप व्हईल, बानू!"

"व्हऊ द्या, माज्यावर व्हऊ द्या! पर पोरगं देवाला भेटायला न्हाई गेलं पायजे. गाडी काढा!"

"गाव काय म्हणंल?"

"गाव मयताला बी येतं आप्पा. गाडी काढा म्हंते ना!"

आप्पांना गाडीची किल्ली लागेना. शेवटी रखमाजीनंच गाडी चालवली. बानूबाईनं भीमेच्या पुलावरून दौंडपर्यंत पृथ्वीराजचं डोकं मांडीवर धरलं, आणि वाटेत झटका आला तेव्हा त्याला कुशीवर वळवून नावानं हाका मारत राहिली.

पृथ्वीराज बरा होऊन आला आणि सभा पुन्हा भरली. आप्पा सुपारी चघळत म्हणाले, "घाला नाव, कुणाचं घालायचं ते."

"कुणाचं ते मोठ्यानं सांगा," बानूबाई म्हणाली.

"बानूबाईचं," आप्पा म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं पुन्हा म्हणायला लावलं.

"आन् माजी एक अट हाय. आधी दौंड, मग देव. भंडारा उचलायचा तर बरं व्हऊन आल्यावर. तवर ढोल वाजायचा न्हाई."

"देवाला अट घालतीस?"

"देवाला न्हाई. तुम्हास्नी."

पायरीवर बसलेला पृथ्वीराज उठला. हात अजून थोडे थरथरत होते. तशाच हातांत त्यानं भंडारा घेतला आणि शपथ घेतली. तेव्हा बानूबाईनं कमरेला खोचलेलं टिपरू काढून नवऱ्याच्या हातात दिलं.

"वाजवा आता," ती म्हणाली.