डाव्या पायांचा वाघ

माझ्या मेहुण्याने अकरा वर्षे लोकांना वाघ दाखवला. वाघ म्हणजे वाघाचे ठसे. ठसे म्हणजे एकाच पायाचे ठसे.

आमच्या अभयारण्यात तो वाटाड्या होता. फाटकालगतच्या कार्यालयात मी एकतीस वर्षे लिपिक आहे, त्यामुळे त्याचे येणे-जाणे रोज माझ्या खिडकीसमोरून होत असे. फाटकावर त्याला सगळे 'दुर्बीण' म्हणत, कारण ती त्याच्या गळ्यात कायम लटकलेली असे. तिचे एक भिंग तडकलेले होते, आणि दुसऱ्यातून त्याने कधी काही पाहिल्याचे मला आठवत नाही. ती तो पर्यटकांच्या हातात देई, "बघा, त्या झाडाच्या मागे, नीट बघा," म्हणे, आणि ते बिचारे ती फिरवत बसले की स्वतः दगडावर टेकून कान कोरत बसे.

त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे, याच जंगलात माग काढणारे होते. जमिनीकडे पाहून जनावर कधी गेले, नर की मादी, पोट भरलेले की रिकामे, हे ते सांगत आणि ते खरे निघे. गणनेच्या वर्षी ते ठशांत पातळ प्लास्टर ओतत, घट्ट झालेला पंजा उचलून स्वच्छ करत आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने नोंद लिहीत. ते निवृत्त झाले तेव्हा कार्यालयाने त्यांना असाच एक पंजा भेट दिला. त्यांचा पितळी बिल्ला, क्रमांक चार, ते गेल्यावर मुलाला मिळाला. वडिलांची पुण्याई पाहून मुलाला काम देणे ही वाटाडे नेमणाऱ्या समितीची चूक होती. त्या सभेचे इतिवृत्त मीच लिहिले असल्यामुळे तिचा एक छोटा वाटा माझ्याही पदरात आहे.

पहिल्या हंगामात लोक त्याच्यावर चिडून परत गेले. वाघ दिसला नाही, दिसण्याची आशाही दिसली नाही. दुसरा कोणी असता तर जंगल शिकला असता. याने वडिलांची पेटी उघडली.

तेव्हापासून रोज उजाडता उजाडता तो सायकलवरून पाणवठ्यावर जाई. पिशवीत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला पंजा असे. काठच्या ओल्या मातीत तो दाबायचा, एक पाऊल पुढे सरकायचे, पुन्हा दाबायचा, असे झुडपांपर्यंत. आठ वाजता पहिली गाडी आली की हा बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना खाली उतरवी. "हळू. आत्ताच गेलाय. वास येतोय का?" आणि शिकली-सवरलेली माणसे नाक वर करून वास घेत आणि म्हणत, येतोय. मग ठशाशेजारी हात ठेवून फोटो. मोठी पदे भूषवणारी माणसे चिखलात गुडघे टेकवून एका प्लास्टरच्या गोळ्याला मान देताना मी त्या फोटोंत पाहिली आहेत. अशा गिऱ्हाइकांना असाच वाटाड्या मिळायचा.

ठसे दिसल्याची नोंद रोज माझ्या वहीत होई. मला संशय नव्हता असे नाही. वहीत दिनांक, वेळ, ठिकाण आणि प्राणी असे रकाने होते, संशयाचा रकाना नव्हता.

जंगलात एक पडका किल्ला आहे, तीन धबधबे आहेत आणि खडकात कोरलेल्या काही खोल्या आहेत. त्या कोणी आणि का कोरल्या हे त्याला ठाऊक नव्हते आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. उंच जागा दिसली की तिथून एखाद्या राणीने उडी मारलेली असायची. मी एकदा मोजल्या, नऊ राण्या झाल्या. त्यातली एक तर किल्ल्यावरूनही उडी मारत होती आणि मोठ्या धबधब्यावरूनही.

"अरे, एकच बाई दोनदा कशी मरेल?" मी विचारले.

"भावजी, किल्ला सकाळच्या गटाला असतो, धबधबा दुपारच्या. कोण कुणाला भेटतंय?"

अशी अकरा वर्षे गेली. मग एक दिवस चपलांचा कारखाना असलेले एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी फोटो काढला नाही, वासही घेतला नाही. ते ठशांच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेले, परत आले, आणि निघताना अभिप्राय वहीत स्वच्छ अक्षरांत लिहून गेले : 'मी चाळीस वर्षे पायांचे माप घेतो. आपल्या वाघाचे सगळे पाय डावे आहेत. कळावे.'

अभिप्राय वहीची पाने महिनाअखेरीस मुख्य कार्यालयाला पाठवायची असतात. मी ती पाठवली. पंधरा दिवसांत उत्तर आले. तपासनीस बाई स्वतः येणार, ठसे पाहणार, आणि बनवाबनवी आढळली तर वाटाड्याचा बिल्ला कायमचा काढून घेणार. बिल्ल्याशिवाय फाटकातून गट नेता येत नाही. बावन्न वर्षांच्या या गृहस्थाला दुसरे काही येत नव्हते. खरे तर हेही येत नव्हते.

घरी त्या दिवशी भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त होता.

"अहो, ते पान तुम्हीच पाठवलंत?" बायकोने विचारले.

"सगळीच पाठवतो."

"एक पान विसरायला काय झालं होतं? डबा विसरता, चष्मा विसरता."

"पानांवर क्रमांक असतात."

"तुमच्या क्रमांकांपायी माझ्या भावाला घरी बसवाल."

"तुझा भाऊ त्याच्या डाव्या पायाने घरी बसतोय. माझा काय संबंध?"

तिने हातातले पातेले खाली ठेवले. मग म्हणाली, "बाबांचा बिल्ला आहे हो तो. त्याच्याकडून गेला तर घरातून गेला."

म्हणून मी मेहुण्याला बोलावून घेतले आणि मला न शोभणारी गोष्ट केली, त्याला पळवाट सांगितली.

"हे बघ, तपासणीच्या दिवशी काहीही करू नकोस. पाणवठ्यावर ठसे नाहीत एवढंच बाईंना दिसू दे. ठसे नसणं हा काही अपराध नाही. त्या बघतील, चहा घेतील आणि जातील."

"अगदी बरोबर, भावजी."

"नुसती मान हलवू नकोस. काय करायचं आहे तुला?"

"काही नाही."

"हां. काही नाही. तेवढं तरी जमेल ना?"

"तुम्ही पण ना, भावजी! मी काय लहान आहे का?"

दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "पण त्याच दिवशी नेमका वाघ आलाच नाही, तर त्यांना शंका नाही का यायची?" अकरा वर्षे स्वतःच दाबलेल्या वाघावर याचा आता विश्वास बसला होता.

पुढचे मला नंतर कळले, ज्याने काम केले त्याच्याच तोंडून. गावात छताच्या कोपऱ्यांत प्लास्टरची फुले-वेली करणारा एक कारागीर आहे. मेहुणा त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, एक पंजा हवाय, उजवा. कारागिराने नमुना मागितला. नमुना दाखवला तर बिंग फुटेल म्हणून याने दाखवला नाही. हवेत हात गोल फिरवून म्हणाला, "मोठा. असा. वाघाचा."

"बोटं किती?" कारागिराने विचारले.

"असतात तेवढी."

कारागीर चोख माणूस. असतात तेवढी म्हणजे पाच, असा त्याने हिशोब केला. वाघ म्हटला की नखेही आली. ती त्याने चांगली लांब आणि वाकडी काढली, वेलीच्या टोकासारखी. दोन दिवसांत माल तयार. मेहुण्याने तो बघितला, छान झालाय म्हणाला आणि टॉवेलमध्ये गुंडाळला.

तपासणीच्या सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. बिल्ला घासूनपुसून लख्ख केलेला. चेहराही तसाच लख्ख. बाई बुटक्या, कॅनव्हासच्या बुटांतल्या, फार न बोलणाऱ्या होत्या. सोबत समितीचे दोन सभासद आणि वही घेऊन मी.

"या बाई, नशीबवान आहात. आत्ताच गेलाय," तो म्हणाला.

पाणवठ्याच्या काठाने ठसे गेले होते. डावा, उजवा, डावा, उजवा. डाव्याला चार बोटे आणि नखे नाहीत. उजव्याला पाच बोटे आणि प्रत्येकाला आकडीसारखे नख. बाई उकिडव्या बसल्या. एका ठशावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नजर फिरवत राहिल्या. सभासदांपैकी एक जण उगाच आभाळाकडे पाहू लागला.

"हा एकच वाघ आहे?" बाईंनी विचारले.

"एकच. जुना आहे आपला."

"याचा एक पाय दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

"म्हातारा झालाय बाई. वयोमानाने थोडं इकडे-तिकडे होतं."

बाई हसल्या नाहीत. "अकरा वर्षं तुम्ही हे लोकांना दाखवताय ना? मग खाली न बघता सांगा. वाघाच्या ठशात बोटं किती उमटतात?"

त्याने खाली पाहिले, पण ठशाकडे नाही, स्वतःच्या बुटाकडे. मग माझ्याकडे. "भावजी...?"

एरवी खुर्ची सोडून जंगलात न जाणाऱ्या मलाही ते माहीत होते. नोंदीच्या छापील कागदावर कोपऱ्यात ठशाचे चित्र असते. चार बोटे, आणि नखे आत ओढलेली म्हणून दिसत नाहीत. मी वहीत मान घातली.

बाईंनी पिशवी मागितली. त्याने ती मुकाट्याने दिली. नवा पंजा त्यांनी बाजूला ठेवला, जुना हातात घेऊन उलटा केला आणि पाठीवरची पेन्सिलीची अक्षरे मोठ्याने वाचली : "डावा, मागचा. वाघीण. पाणवठा." मग त्याला विचारले, "इथे लिहिलंय की. वाचलं नव्हतं?"

"उलटा करून कोण बघतं, बाई?" तो म्हणाला. या वेळी तो खोटे बोलत नव्हता.

"ज्याने हे लिहिलं त्याला बोटं मोजता येत होती," एवढे बोलून त्यांनी हात पुढे केला. त्याने शर्टावरचा बिल्ला काढला. टाचणी निघेना, तेव्हा शर्टासकट ओढला. त्या एका क्षणी त्याच्याकडे पाहवले नाही, हे मान्य करतो. तो क्षण फार टिकला नाही. परतताना त्याने मला कुजबुजत विचारले, "शर्टाचं भोक रफू होईल ना?"

बिल्ला मुख्य कार्यालयात गेला. दोन्ही पंजे पुरावा म्हणून माझ्या कपाटात आले. बायको महिनाभर माझ्याशी कामापुरते बोलली.

मला वाटले होते, हा आता तोंड लपवून बसेल. पंधराव्या दिवशी फाटकाबाहेर एक टेबल लागले. टेबलावर प्लास्टरचे पंजे, पिवळ्या-काळ्या रंगात, त्याच कारागिराकडून करवून घेतलेले. पाच बोटे, लांब नखे. गळ्यात दुर्बीण. आत जाणारे थांबत आणि बाहेर येणारे घेऊन जात. बायको म्हणाली, "बघा, उभा राहिला की नाही माझा भाऊ?"

मी एकदा टेबलाशी थांबून म्हणालो, "अरे, निदान आता तरी चार बोटं कर."

"करून पाहिले, भावजी. कोणी हात लावेना. म्हणतात, याचं एक बोट तुटलंय."

गेल्या महिन्यात पहारेकऱ्याने पाणवठ्यावर ठसे पाहिल्याचे कळवले. आता तिथे पंजा दाबणारे कोणी नव्हते. सगळे कार्यालय बघायला निघाले. मी कपाटातून सासऱ्यांचा पंजा घेतला आणि वाटेत टेबलापाशी थांबलो.

"चल. तिकीट काढून पाहुणा म्हणून येता येतं. बाईंनी कळवलंय, खरी नोंद घेऊन दाखवलीस तर बिल्ल्याचा पुन्हा विचार करतील."

त्याने रस्त्याकडे पाहिले. दोन गाड्या येत होत्या.

"आत्ता गर्दीची वेळ आहे, भावजी. तुम्हीच बघून या. बोटं मोजून या हवं तर."

मी गेलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा चिखलात गुडघा टेकवला, पंजा ठशाशेजारी धरला. आकाराने हा मोठा होता, वेगळे जनावर होते. चार बोटे, नखे नाहीत. डावा, मागचा. पुढे उजवाही होता, तोही चार बोटांचा.

परत आलो तेव्हा तो एका कुटुंबाला पंजा कागदात गुंडाळून देत होता. मला पाहून त्याने हात हलवला. किती बोटे निघाली, हे त्याने विचारले नाही.