कार्बन का जर्मन?

सायकलीच्या दुकानात बसणाऱ्याला किस्से हुडकावे लागत न्हाईत. पंक्चर निघेस्तोवर गिऱ्हाईक बोलतंच, अन् ऐकणारं माणूस खुर्चीवर बसलेलंच असतंय. माझ्या लेकाचं, दिगूचं, पूर्णेत दुकान हाय. ती खुर्ची माझी. पण यंदा नातीच्या चाकांनी जेवढे धक्के दिले, तेवढे मला अख्ख्या जन्मात बसले न्हाईत!

नात पल्लवी डोंगरातल्या सायकलींची शर्यत खेळती. राज्याच्या टीममध्ये जायचं तर एकच शर्यत, एकच चान्स. तिची जुनी चाकं अॅल्युमिनियमची. आमी त्याला जर्मन म्हणतो, पातेल्याला असतंय तेच. तिच्या कोच सरांनी कुणाकडनं तरी वापरलेली कार्बनची चाकं मिळवून दिली. आता कोणती लावायची? घरात दोन पार्ट्या पडल्या.

*

कांबळे रेल्वेचे रिटायर गार्ड. रोज चहाला दुकानात येतात. त्यांनी पहिल्याच दिवशी इचारलं, "पोरी, आपल्या परभणी जिल्ह्यात डोंगर कुठं हाय गं?"

पल्लवी म्हणली, "हायत की आबा! उलटे करून रस्त्यात पुरलेत!"

*

दिगू म्हणला, "माय, हे कार्बनचं चाक धर जरा."

मी पदर खोचला, पाय रोवले, दोन्ही हातांनी जोर लावून उचललं, अन् चाक थेट कपाळाला! वजनच न्हाई!

"अरे, ह्यात तर काहीच न्हाई!"

"म्हणून तर एवढं म्हाग हाय, माय!"

माझा आ तसाच राहिला. जन्मभर आमी भांडं जड बघून घेतलं की!

*

एकदा सर मोबाइलवर व्हिडिओत आले. दिगूनं त्यांना इचारलं, "सर, जर्मनचं चाक दगडावर आपटलं तर पोचा येतो. मी लाकडी हातोडीनं ठोकून काढतो. कार्बनला पोचा आला तर?"

"कार्बनला पोचा येत नाही."

"मंग?"

"फुटतं."

"मंग काय करायचं?"

"नवीन घ्यायचं!"

दिगूनं हातातली हातोडी हळूच खाली ठेवली. तोंड असं झालं, जसं काही कुणी दुकानाला कुलूप घातलं.

"सर," तो म्हणला, "मंग आमी काय नुसतं बघत बसायचं का?"

*

पल्लवीला मात्र हलकंच पाहिजे. "आज्जी, चढावर पावशेर कमी म्हणजे लय फरक पडतो!"

एका सकाळी कार्बनची चाकं लावून ती कालव्याच्या कडेनं गेली. रात्री पाऊस पडून गेलेला. दोन तासांनी बघते तर काय! पोरगी अनवाणी, अन् सायकल तिच्या खांद्यावर! काळी माती अशी गच्च बसलेली, की चाक कुठं अन् चिखल कुठं, काही कळंना.

कांबळे कप खाली ठेवून उठलेच. "पावशेर वाचवला अन् पाच किलो रान घेऊन आलीस! आता तलाठ्याकडं जा, सातबारा करून घे!"

*

शर्यतीला निघायच्या दिवशी पल्लवीनं सांगून टाकलं, "कार्बनच!" दिगू नवे टायर आणायला बाजारात गेला. बिगरटायरची चाकं भितीला टेकवलेली. मला नुसतं बसून करमंना. एक चाक मांडीवर घेतलं अन् माठ घेताना वाजवते तसं बोटाच्या पेरानं गोल वाजवत गेले.

टण. टण. टण. बद!

पुन्हा त्याच जागी वाजवलं. बद!

"पल्लवे, हे हितं बद वाजायलंय गं."

कांबळे हसायले. "वहिनी, चाक हाय ते, माठ न्हाई!"

"माठ असता तर मी परत ठेवला असता. चाकाचं मला काय ठाऊक?"

पल्लवी हसली न्हाई. तिनं चाक घेतलं, सोता वाजवलं. मंग त्याच जागी अंगठा दाबला. कर्र झालं, अन् केसाएवढी चीर उघडली! ह्या चाकावर पोरगी डोंगर उतरणार होती!

पल्लवीनं खुंटीवरची जर्मनची चाकं काढली, सायकलीला चढवली अन् बाप आल्याबरोबर निघाली.

तिसऱ्या दिवशी परत आली. पुढच्या चाकाला बोटभर पोचा!

"उतारावर दगडाला आपटलं, आज्जी. तसंच रेटलं."

"अन्?"

"झालं सिलेक्शन!"

मी तिला पोटाशी धरलं, तेवढ्यात सरांचा फोन. पल्लवीनं त्यांना बद वाजल्यापासून सगळं सांगितलं. तिकडनं सर मंग म्हणले, "फोन आजींना दे."

मी फोन कानाला लावला. "बोला, सर."

"आजी, माझ्याही सायकलला तसलीच चाकं आहेत. उद्या घाटात जायचंय. मी फोन चाकाजवळ धरून वाजवतो. जरा ऐकता का?"