देव पाण्यात असतानाचे दिवस

आमच्या घरात देव पाण्यात ठेवले की मला आधी पाण्याची काळजी वाटते, देवांची नंतर. पुंडलिकनगरात आमच्या नळाला पाणी येतं ते त्याची लहर लागेल तेव्हा. मध्ये कधी सहा दिवस जातात, कधी आठ. आलं की घरातलं पोकळ असं सगळं भरून ठेवायचं. पिंप, बादल्या, हंडे, कळश्या, वेळ पडली तर प्रेशर कुकरसुद्धा. अशा घरात आई पाच देवांना बादलीत बुडवते आणि ते पाणी रोज बदलते. शिळ्या पाण्यात देव ठेवणं तिच्या जिवावर येतं. आम्ही माणसं मात्र आठ दिवसांपूर्वीचं पाणी गाळून पितो.

रीत सगळ्यांच्या ओळखीची आहे. मोठी अडचण आली की देव पाण्यात ठेवायचे आणि काम झाल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा मी आईला म्हणालो की ह्याला ओलीस ठेवणं म्हणतात, आणि हा गुन्हा आहे.

"तुझ्या दहावीला ठिवले व्हते," आई म्हणाली, "तवा नाय बोललास काही."

दहावीला मला गणितात जेमतेम पस्तीस मिळाले होते, तेही त्याच देवांच्या कृपेनं, असं ती अजून सांगते.

ह्या वेळचं काम आपाचं होतं. आम्ही पूर्वी शहरातल्या छावणी भागात राहत होतो तेव्हा आपाच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. आई तिला आपा म्हणते, ती आईला भाभी म्हणते, मी तिला खाला म्हणतो. आम्ही इकडे आलो, ती लेकीबरोबर मुकुंदवाडीला गेली, पण दोघींचं येणं-जाणं थांबलं नाही. खालानं जन्मभर शिवणकाम केलं. मापाची वही तिनं कधी ठेवली नाही. बाई दारातून आत येईपर्यंत तिला माप कळलेलं असायचं, आणि बाई मागच्या दिवाळीपेक्षा सुटली असेल तर तेही ती दारातच सांगून मोकळी व्हायची. गिऱ्हाईक रागवायचं आणि पुन्हा तिच्याकडेच यायचं. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात गल्लीतल्या एखाद्या पोरीचा फ्रॉक विटलेला दिसला की दोन दिवसांत नवा गणवेश त्या घरी पोचायचा. "कपडा बचा था," एवढंच सांगायची. एवढा कपडा कुठल्याच शिंप्याकडे उरत नाही, हे मला मोठेपणी कळलं.

साखरेनं तिचा एक डोळा आधीच नेला होता. ह्या मे महिन्यात दुसऱ्यात रक्त उतरलं. डॉक्टर म्हणाले, पडद्याचं ऑपरेशन करू, बाकी बघू.

आईला जास्त कशानं लागलं असेल तर ह्यानं, की त्याच आठवड्यात त्याच दवाखान्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या गृहस्थांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. हे गृहस्थ पाणी आलं की थेट नळाला मोटर लावतात. त्यांच्या पुढच्या घरांच्या नळांतून नुसती हवा येते, फुस्स करून. त्यांच्याकडे संगमरवरी देवघर आहे आणि दर गुरुवारी माइक लावून आरती असते. आरतीत ते स्वतः खड्या आवाजात गातात. आवाज चांगला आहे, हे कबूल करायला मला फार जड जातं.

आईनं पाचही देव बादलीत सोडले. गणपती, अन्नपूर्णा, खंडोबा आणि भवानीचे टाक, आणि अंगठ्याएवढा रांगता बाळकृष्ण. "आपाचा डोळा आला की भाईर. तवर बसा," एवढंच म्हणाली. तिचं देवाशी बोलणं नेहमीच मोजकं असायचं. मोठ्या साहेबासमोर अर्ज ठेवून मागे सरकावं तसं.

खालाला फोनवर हे कळलं तेव्हा ती कळवळली. "क्या भाभी! मेरे वास्ते उनकू कायकू डुबाये? निकालो बेचारों को."

"तू गप ऱ्हा आपा. त्यांना सवय हाय."

ऑपरेशनच्या दिवशी आई पहाटेच उठली, खालाच्या लेकीबरोबर दवाखान्यात गेली. मला घरी थांबवलं, कारण तो पाणी यायचा दिवस होता. आमच्याकडे पाण्याच्या दिवशी घराला कुलूप लावत नाहीत, मग कोणाचंही काही असो. बायको आणि पोरं सुटीत तिच्या माहेरी गेलेली. मी एकटाच नळाकडे बघत बसलो.

पाणी आलं नाही. बारा वाजता ऊन असं तापलं की पंख्याखालीही अंग भाजायला लागलं, आणि कूलरनं तळ गाठला. पिंपातलं पाणी पिण्याचं, त्याला हात लावायची सोय नव्हती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक बादली दिसली. आई सकाळी देवांना नव्या पाण्यात हलवून जुनं पाणी तुळशीसाठी ठेवते, ती ही बादली. तुळशीनं एक दिवस कळ काढावी असा विचार करून मी ती कूलरमध्ये रिकामी केली. दहा मिनिटं स्वर्ग होता. मग कूलरमधून कटकट आवाज आला, पंप बंद पडला, आणि मी घामाघूम होऊन फरशीवर झोपलो.

आई संध्याकाळी आली. ऑपरेशन पार पडलं होतं. हातपाय धुऊन तिनं बादलीत हात घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं. "चारच हायेत," ती म्हणाली.

त्या क्षणी मला सगळं कळलं. पहाटेच्या घाईत, चष्मा न लावता देव हलवताना बाळकृष्ण जुन्या पाण्यात तळाशी राहिला होता, आणि मी त्याला कूलरमध्ये ओतला होता. हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईचा चेहरा उजळला.

"तो तिकडं गेला," ती म्हणाली. "दवाखान्यात. डॉक्टरच्या शेजारी हुभा ऱ्हायला असणार. म्हणूनच ऑपरेशन नीट झालं."

लगेच तिनं फोन लावला. "आपा, माझा बाळकृष्ण आलाय तुझ्याकडं. ध्यान ठेव."

पलीकडून खालाचा थकलेला आवाज आला, "हौ? इधर तो नर्स बाई किसीकू अंदर नै छोड़ रई."

आता सांगा, ह्यानंतर कोणत्या तोंडानं सांगणार? मी वाट बघितली. तिसऱ्या दिवशी आई दूध आणायला गेली तेव्हा कूलरची जाळी काढली. देव पंपाच्या तोंडाशी अडकले होते, लोण्याचा गोळा धरलेला हात बरोबर पाणी ओढायच्या भोकात. मी त्यांना पुसलं आणि गुपचूप बादलीत सोडलं. आईनं बघितलं आणि ती नुसती आनंदली. "आला! काम करून आला!" त्या दिवशी शिरा झाला. मी दोन वाट्या खाल्ला, तोही मान खाली घालून.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं. उजेड कळेल, सावली कळेल, माणूस समोर उभा आहे एवढं कळेल. कोण आहे ते कळणार नाही. ह्यापुढे काही होण्यासारखं नाही. खाला म्हणाली, "चलो, उसकी मर्जी," आणि डॉक्टरांना उलट तिनंच धीर दिला. ती जिना उतरत असताना समोरून मोटरवाले गृहस्थ चढत होते. नवा डोळा ठणठणीत होता. घरी परतल्यावर त्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि कट्ट्यावर बसून थेट चौकातल्या रिक्षांचे नंबर वाचून दाखवले. सगळे बरोबर होते, मी जाऊन बघितले.

आईनं पेढा घेतला नाही. पूजाही सोडली. काम झालं नव्हतं, म्हणजे देव बाहेर काढता येत नव्हते, आणि बादलीजवळ जायची तिला इच्छा नव्हती. ती देवघराच्या दारावरून जायची ती तोंड फिरवून. जेवण निम्म्यावर आलं. संध्याकाळी दिवा लागेना. चार-पाच दिवसांनी बादलीतलं पाणी गढूळ झालं तेव्हा ते मीच बदललं. मग रोज बदलायला लागलो. ज्या देवांवर माझा विश्वास नाही त्यांच्यासाठी मी पिण्याच्या पिंपातलं पाणी काढत होतो, तेही मे महिन्यात. हे शाळेत कळलं असतं तर माझी धडगत नव्हती.

पाणी बदलताना माझा जीव खात होता तो बाळकृष्ण. पितळेची दीड इंचाची मूर्ती कूलरमध्ये असणं आणि डोळ्याच्या पडद्यातलं रक्त, ह्यांचा काडीचा संबंध नाही, हे मी आठवीच्या वर्गाला फळ्यावर सिद्ध करून दाखवीन. पण ऑपरेशन चालू होतं तेव्हाच मी देव बादलीबाहेर नेऊन पंपात अडकवला होता, हे डोक्यातून जाईना. मला खरंच अपराधी वाटत होतं. आणि आईकडे बघवत नव्हतं. आमच्या घरात देव मानणारं एकच माणूस होतं, आणि तेही आता मानेनासं झालं होतं.

शेवटी एका सकाळी मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं ओकून टाकलं. जुनी बादली, तळ गाठलेला कूलर, कटकट, जाळी.

आईनं शांतपणे ऐकलं. "म्हंजी तो दवाखान्यात नव्हता."

"नव्हता."

"कूलरमधी व्हता."

"हो. म्हणजे त्याची काही चूक नाही, आई. तो तरी काय करणार? मीच त्याला अडकवला. चूक असेल तर माझी आहे." जन्मात एकदाही देवापुढे हात न जोडलेला मी, त्याची वकिली करत होतो, आणि मनापासून करत होतो. आईनं माझ्यावर चिडावं, मला चार शिव्या द्याव्यात आणि जाऊन दिवा लावावा, एवढंच मला हवं होतं.

आईनं थोडा विचार केला.

"बरं, तो कूलरमधी व्हता. आन् बाकीचे चार?"

मी बादलीकडे बघितलं.

"ते तर बादलीतच व्हते ना? ते काय करत व्हते?"

इतक्या वर्षांत आठवीच्या कुठल्या पोरानं मला असं निरुत्तर केलेलं नाही. आई उठली, तिनं बादली ओढली, एकेक देव बाहेर काढला, पंच्यानं कोरडा केला आणि जागेवर ठेवला.

"अगं, पण काम झालं नाही ना? मग बाहेर कसे काढलेस?"

"पाण्यात नीट ऐकू येत नसंल त्यांना," ती म्हणाली. "आता ऐकू दे."

आणि सुरू झाली. आयुष्यभर मोजकं बोलणारी माझी आई कमरेवर हात ठेवून त्या पाच जणांना बोलली. मोटरवाल्याचा डोळा दिसला तुमाला, आपाचा नाय दिसला? तिनं कुणाचं काय वाकडं केलं? लोकांच्या लेकरांना शिवून शिवून डोळे घालवले तिनं, तुमी काय घालवलं? लाज कशी वाटत नाय? मी खिडकी लावून घेतली. अर्धा तास झाल्यावर तिनं श्वास घेतला, दिवा लावला, नैवेद्य ठेवला आणि म्हणाली, "खावा. उद्या पुन्ना बोलते."

दुसऱ्या दिवशी खरंच बोलली. तिसऱ्याही. पूजा आणि भांडण एकाच बैठकीत व्हायला लागलं आणि आई पूर्वीसारखी पोटभर जेवायला लागली. हे काय चाललंय ते मला कळत नव्हतं, पण घरात दिवा लागत होता म्हणून मी काही बोललो नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी रिक्षा दाराशी थांबली. खालाची लेक तिला सोडून कामाला गेली. मी हात धरून तिला आत आणलं, खुर्चीत बसवलं. आतल्या खोलीत आईचं चालूच होतं, आवाज सगळ्या घरात येत होता. आपाचं नाव त्यात दर दोन वाक्यांनी येत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आईला गप्प करायला उठणार, तोच खालानं माझं मनगट धरलं आणि मान तिकडे करून ऐकत राहिली. मग तिनं हाक मारली, "भाभी, जरा रुको."

आई बाहेर आली. लाजली. "आपा, म्या आपलं उगंच..."

"नै, नै. बोलते क्या रोज?"

"व्हय. लई राग येतो."

खाला हसली. डोळे समोर होते, पण कशावरच नव्हते.

"हमारे में ऐसा बोलते नै भाभी," ती हळू म्हणाली. "सब्र करो बोलते. मैं कर रईच हूँ सब्र. घर में भी सबकू येच बोलती, मेरेकू कुछ नै हुआ." तिनं चाचपून आईचा हात धरला. "तुम बोलतेच हो तो उसमें मेरा भी डाल देव ना. इत्ताच पूछो, कायकू?"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं खालाला हाताला धरून आत नेलं, स्वतः जरा सरकून देवघरासमोर आपल्या शेजारी बसवलं. आता ती पुन्हा आवाज चढवणार असं मला वाटलं. पण ती अगदी हळू बोलली.

"आपा विचारती," ती म्हणाली, "काहून?"

एवढंच. मग दोघी तिथंच बसून राहिल्या, उत्तर यायला किती वेळ लागतो ते माहीत नसल्यासारख्या. मला शाळेला उशीर होत होता, तरी मीही दारात उभा राहिलो.