पाटीपूजनातला रीडर

ई-बुक रीडर घेतला तेव्हा मी तो घरात चक्क चोरून आणला. चाळिशी ओलांडलेली, हायस्कूलच्या पोरांना दम देणारी बाई मी, पण सासऱ्यांना दिसू नये म्हणून रीडर डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली लपवला. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्ती. मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक. नवीन पुस्तक आलं की आधी त्याला खाकी कागदाचं कव्हर घालायचं, वर वळणदार अक्षरात नाव लिहायचं आणि मगच ते वाचायला घ्यायचं, असा त्यांचा शिरस्ता. गल्लीतलं कुणी पुस्तक मागायला आलं तर त्याला आधी हात धुऊन यायला सांगत. अशा माणसासमोर ते यंत्र बाहेर काढायची माझी काही छाती होत नव्हती.

माझी शाळा मुरगूडला. कोल्हापुरातून एसटीनं रोज जायचं, रोज यायचं. बसायला मिळालं तर मिळालं, नाहीतर एका हातानं दांडी धरायची आणि दुसऱ्या हातात रीडर. त्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मग रस्त्यात कितीही खड्डे येऊ देत, ओळ सुटत नाही. घरी आलं की मात्र मला कागदच लागतो. गोष्ट किती उरली आहे ते माझ्या बोटांना कळलं पाहिजे. रीडर नुसते टक्के सांगतो, आणि टक्क्यांचा मला शाळेतच वैताग आलेला असतो. पण चारशे पानांची कादंबरी उभ्यानं, एका हातात धरून वाचून दाखवावी कुणीतरी! हे चांगलं की ते चांगलं, यावर लोक तावातावानं भांडतात तेव्हा मला हसू येतं. चपलासुद्धा आपण दोन जोड ठेवतोच की.

संध्याकाळी मी भाजी निवडायला बसले की मामा खुर्ची ओढून जवळ येत. "काय वाचतीस सध्या? सांग की जरा." मी रंगवून सांगायची. सुनेच्या वाचनाचं एवढं कौतुक करणारा सासरा मिळाला म्हणून मनातल्या मनात फुगायचीही.

एकदा माझी गल्लत झाली. मामांच्या कपाटातल्या एका कादंबरीची गोष्ट सांगताना मी शेवट भलत्याच पुस्तकाचा जोडला. घर सोडून गेलेला थोरला भाऊ परत येतो म्हणून सांगून टाकलं. खरं तर तो येतच नाही. चूक लक्षात आली ती दुसऱ्या दिवशी एसटीत. घरी पोचले तर मामांचे जुने सहकारी, शेजारचे गुरुजी, आमच्या कट्ट्यावर बसले होते आणि मामा त्यांना त्याच कादंबरीची गोष्ट सांगत होते. "परवाच वाचून संपवली," म्हणाले, आणि थोरल्या भावाला थेट घरी आणून जेवायला बसवलं.

मी दारातच थबकले. ते पुस्तक आठवडाभर मामांच्या मांडीवर होतं. पुढच्या रविवारी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. मामा दुपारभर पानं उलटत होते, कधी एक, कधी एकमेकांना चिकटलेली दोन. दोन उलटली गेली याचा त्यांना पत्ताही नव्हता.

मी आत्तींना स्वयंपाकघरात गाठलं. त्यांनी आधी बाहेर डोकावून पाहिलं, मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हनला, आता चष्म्यानं काय व्हनार न्हाय. डोळ्याच्या आतला पडदाच खराब झालाय. मोठं मोठं तेवढं दिसंल. कुनाला सांगायचं न्हाय म्हनून शपथ घातलीया मला."

मला रडू आलं आणि रागही आला. आमच्यापासून कसली लपवाछपवी? पण मामांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. गल्लीत त्यांना सगळे ओळखतात ते वाचणारे गुरुजी म्हणून. ती ओळख गेली असती तर मामा खचले असते. उपाय माझ्या पिशवीत होता, पण रीडर त्यांच्या हातात देणं म्हणजे तुमचं सोंग मला कळलंय असं तोंडावर सांगणं. पंधरा दिवस मी नुसती घुटमळत राहिले.

मग दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी पाटीपूजन असतं. पाटावर पुस्तकं मांडायची, मध्ये पाटी ठेवायची आणि तिच्यावर सरस्वती काढायची. माझी मुलं मोठी झाल्यापासून घरात पाटी उरलेली नाही, म्हणून आत्ती पुठ्ठ्यावर भागवत. मी रीडर डब्यांच्या मागे चार्जिंगला लावून ठेवला होता, तो त्यांना सापडला. काळी चौकट, कोरा पडदा. सुनेनं आठवणीनं शाळेतनं नवी पाटी आणली, असं त्यांना वाटलं. त्यांनी वायर काढून ठेवली, पदरानं रीडर खसाखसा पुसला आणि कुंकवात बोट बुडवून सरस्वती काढायला घेतली. पुसताना बटण दाबलं गेलं असणार.

"अगं बया! ह्यात अक्षरं उमटाय लागली की! आन् पानं पळाय लागली!"

मी लाटणं हातात घेऊन धावले. माझ्याआधी मामा पोचले होते. ते गुडघ्यावर बसून पाटावर वाकले. अक्षरं मी एसटीसाठी मोठी करून ठेवली होती, तशीच होती. त्यांवरून कुंकवाच्या दोन लाल रेघा गेलेल्या.

"गाडी सुटल्यावर... तिच्या लक्षात आलं," मामा एकेक शब्द वाचू लागले, "की डबा... घरीच राहिला."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"कुनाचं हाय हे?"

"माझं."

"अक्षर एवढं मोठं असतंय?"

"याहून मोठं होतं, मामा."

मी ते कुंकू पुसायला हात पुढे केला, तर मामा ओरडले, "हात लावू नको! पूजेला लागलंय. उद्या सकाळपतोर उघडायचं न्हाय."

हा नियम त्यांचाच. लहानपणी माझ्या मुलांना तो फार आवडायचा, कारण पूजेतलं पुस्तक दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नाही म्हणजे अभ्यासाला सुट्टी. आता तोच मामांच्या मुळावर आला होता. दिवसभरात फुलं नीट करायच्या निमित्तानं ते दहा वेळा पाटापाशी जाऊन आले. माझा जीव वेगळ्याच कारणानं टांगणीला लागला होता. आत्तींनी झेंडूच्या फुलानं पूजेवर पाणीही शिंपडलं होतं. ते आत गेलं असलं तर? संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन माणसं येत होती. मी सोनं घेत होते, देत होते, पाया पडत होते, पण कोण आलं नि कोण गेलं, विचाराल तर सांगता येणार नाही.

सकाळी मामांनी अंघोळ करून अक्षता टाकल्या, पूजा हलवली आणि रीडर माझ्या हातात दिला. मी ओलसर कापसानं पडदा पुसला. बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबून धरलं आणि पडदा उजळला. माझ्या तोंडून "सुटले बाई!" असं इतक्या जोरात निघालं की आत्ती दचकल्या. मी अक्षर वाढवत नेलं, पानावर सातच ओळी मावतील एवढं. पान उलटायला कुठं बोट लावायचं ते दाखवलं आणि तिथून उठले.

मामा जेवायला तीन हाकांनी आले. ताटावर बसल्यावर भाकरी मोडत म्हणाले, "दोन वरसं झाली, मला वाचाय येत न्हाय. नुस्तं पुस्तक धरून बसत हुतो."

"मला माहीत होतं, मामा."

त्यांनी मान वर केली. "मग ह्ये आधी का दिलं न्हाईस?"

मी त्यांच्या ताटात आमटी वाढली.

सोमवारी शाळेला निघताना मी रीडर मागितला. मामांनी मान हलवली. "ह्यो आता न्हाय मिळायचा. कपाट भरलंय की, त्यातलं एखादं घिऊन जा." मी एक जाडजूड पुस्तक उचललं. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली, पण गाडी अशी उधळत होती की बारीक अक्षरांची एक ओळ डोळ्यांत ठरेना. इतर कुठल्या दिवशी मी वैतागले असते. त्या दिवशी पुस्तक मांडीवर उघडं ठेवून डोळे पुसत बसले. शेजारच्या बाईनं विचारलंही, बरं नाही का म्हणून. बरं होतं, फार बरं होतं. मुरगूड आलं तरी माझं पहिलं पान संपलं नव्हतं, आणि तिकडं मामा वाचत होते.